भीतीचे समीकरण

युद्ध का होते, या प्रश्नाची तयार उत्तरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. कोणी राज्यकर्त्यांच्या हव्यासाकडे बोट दाखवतो, कोणी धर्माकडे, कोणी तेलाच्या विहिरींकडे. बहुतेक वेळा हे बोट समोरच्याकडेच असते. गेल्या शतकात एक इंग्रज गृहस्थ हे बोट बाजूला ठेवून युद्धाचे गणित मांडायला बसले. त्यांचे नाव लुइस फ्राय रिचर्डसन. गणिताशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेपुरता. बी. ए. केले तेही भाषा घेऊन. तरीही कविता लिहिणाऱ्या माणसाला या गणितज्ञाबद्दल सांगावेसे वाटते. कारण त्यांचा विषय आकडे नव्हते. माणसाची भीती हा त्यांचा विषय होता.

रिचर्डसन यांचा जन्म १८८१ साली न्यूकॅसल येथे एका क्वेकर कुटुंबात झाला. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला शस्त्र हाती न धरणारा पंथ. रिचर्डसन हवामानशास्त्रज्ञ झाले. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी बंदूक घ्यायला नकार दिला, पण घरीही बसले नाहीत. १९१६ साली ते क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकात दाखल झाले आणि फ्रान्सच्या आघाडीवर जखमी सैनिकांना वाहून नेऊ लागले. फुरसत मिळाली की गवताच्या ढिगाऱ्यावर बसून ते आकडेमोड करीत. १९१० सालच्या मे महिन्यातील एका दिवसाच्या नोंदी घेऊन, हवा पुढच्या सहा तासांत कशी बदलेल, हे त्यांना केवळ गणिताने काढायचे होते. १९१७ साली लढाईच्या धामधुमीत ही वही हरवली आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडली.

उत्तर साफ चुकले होते. हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल, असे गणित सांगत होते. प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिर होता. रिचर्डसन यांनी १९२२ साली पुस्तक छापले तेव्हा हे चुकलेले उत्तरही त्यात जसेच्या तसे दिले. त्यांची रीत मात्र खरी होती. आज संगणकावर हवामानाचा जो अंदाज निघतो, तो मुळात याच रीतीने. १९२० साली हवामान खाते विमानदल सांभाळणाऱ्या मंत्रालयाकडे गेले, तेव्हा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. आपले ज्ञान लष्कराच्या दावणीला बांधणे त्यांना मान्य नव्हते.

ज्या माणसाने वाऱ्याचे गणित मांडले, त्याच्या मनात माणसांच्या वादळाचेही गणित घोळत होते. १९१९ साली त्यांनी युद्धाच्या मानसशास्त्रावर एक छोटी पुस्तिका स्वखर्चाने छापली आणि ती रुग्णवाहिका पथकातील सोबत्यांना अर्पण केली. तीत आणि पुढे १९३९ सालच्या ग्रंथात त्यांनी जे समीकरण मांडले, ते चिन्हे वगळून साध्या भाषेत सांगता येते. दोन शेजारी देश आहेत. पहिल्याची शस्त्रे किती वेगाने वाढतील? तीन गोष्टींवर ते ठरेल. समोरच्याकडे किती शस्त्रे आहेत, त्याची भीती. स्वतःच्या शस्त्रांचा खर्च आणि त्यातून येणारा थकवा. आणि मनात रुतून बसलेली जुनी सल. भीती आणि सल शस्त्रे वाढवतात, थकवा त्यांना आवर घालतो. दुसऱ्या देशाचेही समीकरण हुबेहूब असेच. दोघांच्या थकव्यापेक्षा दोघांची भीती भारी पडली, की शस्त्रे एकमेकांना वर ढकलीत राहतात.

या समीकरणात खलनायकाला जागा नाही. दोन्ही देशांची नावे अदलाबदल करा, समीकरण तेच राहते. 'आम्ही केवळ संरक्षणासाठी शस्त्रे घेतो,' असे दोघेही मनापासून म्हणत असतात, आणि तरीही दोघे मिळून युद्धाच्या कड्यापर्यंत पोहोचतात. १९९८ सालचा मे महिना आठवून पाहा. ११ आणि १३ तारखेला पोखरणला स्फोट झाले. २८ आणि ३० तारखेला पाकिस्तानने चाचण्या केल्या. दोन्हीकडे पेढे वाटले गेले. गणिताच्या भाषेत बोलायचे, तर एकाच समीकरणाच्या या दोन ओळी होत्या.

पण रिचर्डसन आपल्याच समीकरणाच्या प्रेमात अडकले नाहीत. १९०९ ते १९१३ या काळातील युरोपच्या शस्त्रखर्चाशी ते सुरेख जुळत होते. मात्र चार बिंदूंवरून रेषा ओढणे सोपे असते. म्हणून त्यांनी दुसरे, अधिक कष्टाचे काम हाती घेतले. १८२० पासूनच्या प्राणघातक भांडणांची ते यादी करू लागले. 'युद्ध' हा शब्द त्यांनी मुद्दाम टाळला. एकाचे बंड ते दुसऱ्याचे स्वातंत्र्यसमर, हे १८५७ नंतर आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको. माझी दादी फाळणीच्या काळाला नुसते 'गडबडीची सालं' म्हणायची. नाव काहीही द्या, माणसे मेली असतील तर ती मोजली पाहिजेत, असा रिचर्डसन यांचा दंडक होता.

मोजण्यासाठी त्यांनी एक पट्टी केली. एका माणसाचा खून म्हणजे शून्य. दहा माणसे मेली तर एक, शंभर मेली तर दोन, हजार मेली तर तीन. याप्रमाणे दहा लाखांना सहा आणि कोटीला सात. एका पट्टीवर गल्लीतला खून आणि महायुद्ध शेजारी बसले. सातच्या घरात दोनच नावे आली, दोन महायुद्धे. सहाच्या घरात सात नावे. त्यांत चीनचे ताइपिंग बंड आहे, अमेरिकेचे यादवी युद्ध आहे, स्पेनचे आहे. आणि सातवे नाव आहे १९४६ ते १९४८ या काळातील भारतीय उपखंडातील जातीय दंगलींचे.

ही नोंद वाचून मी बराच वेळ थांबलो. त्या दोन वर्षांत सीमेवर आमनेसामने उभ्या ठाकलेल्या फौजांनी ही माणसे मारली नव्हती. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारले. आपण आजही मेलेल्यांच्या आकड्यावर भांडतो. तुमचे किती, आमचे किती. रिचर्डसन यांच्या पट्टीवर या भांडणाला अर्थ उरत नाही. पाच लाख म्हणा किंवा वीस लाख म्हणा, दोन्ही सहाच्याच घरात बसतात. आणि त्या घरात हिंदू, मुसलमान, शीख असे वेगळे रकाने नाहीत. मृतांना याहून मोठा न्याय कोणत्या तवारिखेने दिला आहे?

सव्वाशे वर्षांची बेरीज त्यांनी मांडली, तेव्हा सुमारे ५ कोटी ९० लाख बळी निघाले. त्यांतले सुमारे ३ कोटी ६० लाख दोन महायुद्धांतले आणि ९७ लाख सुट्या खुनांतले. इतिहासाच्या पुस्तकात ज्या लढायांच्या सनावळ्या आपण पाठ करतो, त्या सगळ्यांच्या वाट्याला जेमतेम पाव हिस्सा आला.

मग कारणे कोणती? इथे यादीने पुष्कळांची निराशा केली. भाषा एक असली म्हणजे शांतता राहते, असे दिसले नाही. शस्त्रस्पर्धेनंतर पेटलेली युद्धेही फार थोडी निघाली. म्हणजे त्यांच्याच यादीने त्यांच्या समीकरणाला मर्यादा घातली. एक गोष्ट मात्र ठळक दिसली. ज्या देशाला शेजारी जास्त, त्याच्या वाट्याला भांडणे जास्त. सरहद्दींची लांबी तपासताना त्यांना आणखी एक गंमत आढळली. स्पेन आणि पोर्तुगाल यांची सामाईक सीमा एका नोंदीत ९८७ किलोमीटर, तर दुसऱ्या नोंदीत १२१४. मोजपट्टी जितकी लहान, तितकी वळणे जास्त सापडतात आणि सीमा लांबत जाते. देशांच्या सीमांचे हे खरे असेल, तर मनातल्या सीमांचे काय सांगावे!

रिचर्डसन १९५३ साली वारले. त्यांचे युद्धावरचे दोन्ही मोठे ग्रंथ पुस्तकरूपाने नीट छापले गेले ते १९६० साली. हयातीत त्यांच्या या कामाकडे फार थोड्यांनी लक्ष दिले. त्यांच्या समीकरणाला भविष्यवाणी समजण्याची चूक आपण करू नये, कारण त्यांनीही ती केली नाही. माणसे थांबून विचार करणार नसतील तर काय घडेल, एवढेच आपले गणित सांगते, अशी त्यांची भूमिका होती. पाणी उताराकडे वाहते तशी भीती आपोआप वाढते. तिला कोणाच्या कटाची गरज नसते. शेजारच्या वस्तीने फाटक बसवले म्हणून आपण भिंत उंच करतो, आणि आपली भिंत पाहून ती वस्ती रात्रीचा पहारा ठेवते. इथे कारण शोधत मागे गेलात, तर पहिले पाऊल कोणाचे, हे कधीच सापडणार नाही. पण पुढचे पाऊल कोणाचे, हे सापडते. ते आपलेच असते, आणि ते टाकण्याआधी थांबता येते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)