वळ कुणाच्या पाठीवर?

परवाच्या शनिवारी बाबांना घेऊन आळ्याला जाऊन आलो. पुण्याहून नाशिक रस्त्याला लागलं की मंचर, नारायणगाव आणि मग आळेफाटा. फाट्यावर बहुतेक जण चहा-मिसळ उरकून पुढे नाशिकला तरी पळतात, नाहीतर माळशेज घाटाकडे तरी वळतात. आळे गावात सहसा कुणी शिरत नाही. आम्ही मात्र मुद्दाम गेलो, कारण तिथे एका रेड्याची समाधी आहे. हो, रेड्याचीच!

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. गेल्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. नेमका त्याच दिवशी आमचा प्रॉडक्शन रिलीज होता. मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये लॅपटॉप उघडून बसलो होतो. बाबांना आत नेलं तेव्हा मी कॉलवर होतो, आणि बाहेर आणलं तेव्हाही कॉलवरच. रिलीज व्यवस्थित पार पडला. तिमाही संपताना मला सगळ्यांसमोर एक ट्रॉफी मिळाली, 'कमिटमेंट'साठी. टाळ्या वगैरे झाल्या. खोटं कशाला बोलू, मला भारी वाटलं होतं.

बाबांनी ती ट्रॉफी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि टीव्हीच्या शेजारी ठेवून दिली. बोलले काहीच नाहीत.

तर त्या शनिवारी नारायणगाव ओलांडताना बाबा बोलायला लागले. त्यांचं लहानपण याच तालुक्यातलं. "इथं राहुट्या लागतात बघ अजून," म्हणाले. नारायणगावला 'तमाशापंढरी' म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालक इथे राहुट्या टाकून बसतात. गावोगावच्या यात्रा कमिटीची माणसं येतात, घासाघीस करतात, सुपारी ठरते. मग एका गावात रात्रभर खेळ, सकाळी हजेऱ्या, दुपारी सामान ट्रकमध्ये आणि संध्याकाळी पुढचं गाव. कलावंतांना द्यायची उचल आधीच देऊन झालेली असते, म्हणजे मालकाच्या डोक्यावर कर्ज बसलेलंच असतं. पावसाळ्यात तंबू गुंडाळलेला, कमाई बंद. त्यामुळे हंगामातली एकेक रात्र मोलाची. आपण ज्याला 'डेडलाइन' म्हणतो ना, ती या लोकांना रोज रात्री असायची.

इथल्याच विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५ सालचा, पंढरपूरचा. वडील आणि काका यांचा 'भाऊ-बापू' फड गाजलेला, त्यामुळे लहानपणापासून पायांत चाळ. पुढे तमाशासम्राज्ञी म्हणून महाराष्ट्रभर नाव झालं. १९५७ आणि १९९० अशी दोन वेळा राष्ट्रपतींच्या हस्ते पदकं मिळाली.

त्यांची एक हकिकत तुम्ही ऐकली असेल. नसेल तर ऐका. नववा महिना भरलेला असताना विठाबाई बोर्डावर उभ्या होत्या. खेळ चालू असतानाच कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, तंबूमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली, लुगडं सावरलं आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या.

ही गोष्ट मी आजवर नेहमी एकाच सुरात ऐकली होती. निष्ठा असावी तर अशी! एका ट्रेनिंगमध्ये तर एका वक्त्याने ती स्लाइडवर टाकली होती, वर 'पॅशन' असं लिहून. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

बाबांनी मात्र मला गोष्टीचा पुढचा भाग विचारला. "पुढं काय झालं माहितीये का तुला?"

मला माहीत नव्हतं.

"अरे, लोकांच्या लक्षात आलं, की मघाशी पोटुशी होती आणि आता पोट नाही. काय झालं ते कळलं तेव्हा लोकांनी हात जोडले. बाई, आता पुरे म्हणाले. खेळ थांबवला."

गाडी चालवताना मी गप्प झालो. ही गोष्ट सांगणारे आपण सगळे विठाबाईंच्या परत येण्यापाशीच थांबतो. टाळी तिथेच पडते ना! पण त्या रात्री तंबूत बसलेली माणसं तिथे थांबली नाहीत. पैसे मोजून आलेली, दिवसभर शेतात राबून रात्री करमणुकीला बसलेली ही माणसं. त्यांनी कुठल्या लीडरशिपच्या वर्कशॉपला हजेरी लावली नव्हती. तरी आपली करमणूक कुणाच्या जिवावर चालली आहे हे कळल्याबरोबर त्यांनी ती बंद केली. आमच्या कॉलवर त्या दिवशी बारा जण होते. मी कुठून बोलतोय हे बाराही जणांना ठाऊक होतं. 'तू जा, आम्ही बघतो' असं एकही जण म्हणाला नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर बाराव्याच्या जागी मी असतो, तर मीही म्हणालो नसतो.

आणखी एक फरक आहे, तो विसरून चालणार नाही. विठाबाईंच्या मागे अख्ख्या फडाची पोटं होती. खेळ मोडला तर सुपारी बुडेल, गावकरी बिथरतील, कर्ज तसंच राहील. त्यांच्या परत येण्यात कलेवरचं प्रेम होतंच, पण नाइलाजही होता. त्या नाइलाजाला 'पॅशन' म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. मला काय नाइलाज होता? रिलीज एक दिवस पुढे गेला असता, एवढंच.

शेवटही सांगायला हवा. १५ जानेवारी २००२ला विठाबाई गेल्या. उतारवयात हलाखी होती, आणि त्या गेल्यावर हॉस्पिटलचं बिलसुद्धा लोकांनी दिलेल्या मदतीतून भागवावं लागलं. २००६पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार देतं. छानच आहे. पण टाळ्या, पदकं आणि ट्रॉफ्या बँकेत भरता येत नाहीत, आणि शरीर काही त्यांच्यावर चालत नाही.

एवढ्यात आळे आलं.

रेड्याची कथा आपल्या सगळ्यांना शाळेपासून ठाऊक आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवले. पुढे ही भावंडं आळंदीकडे परत निघाली तेव्हा तो रेडा वाटेत आळ्याला गेला आणि ज्ञानदेवांनी त्याला इथे समाधी दिली, असं गावात सांगतात. इतिहास म्हणून जे हाताशी आहे ते एवढंच: ज्ञानेश्वरी १२९०ची, ज्ञानदेवांची समाधी १२९६ची. रेडा येतो तो संतचरित्रांतून. महिपतींनी अठराव्या शतकात 'भक्तविजया'त ही कथा सांगितली आहे. ती खरी की खोटी, या वादात मला पडायचं नाही.

पण त्या कथेत वेद बोलण्याआधीचा एक प्रसंग आहे, आणि तो आपण घाईत ओलांडतो. सगळ्यांच्या ठायी एकच आत्मा असेल तर या रेड्याला मारल्याचं तुला लागेल का, असं पैठणच्या लोकांनी विचारलं. रेड्यावर आसूड ओढले, आणि वळ उठले ज्ञानदेवांच्या पाठीवर.

समाधीपुढे उभं राहिल्यावर मला वेद आठवले नाहीत, वळ आठवले. तंबूतल्या त्या माणसांना तेच झालं असणार. कळा तिच्या, वळ यांच्या पाठीवर. म्हणून ते उठले. झपाटून काम करणाऱ्याला स्वतःला आसूड कळत नाही, कारण बऱ्याचदा तो त्याच्याच हातात असतो. त्याला थांबवायला दुसरं कुणीतरी लागतं. आणि कुणीच थांबवलं नाही तर वळ घरच्यांच्या पाठीवर उठतात. कँटीनमध्ये बसलो होतो मी, पण ऑपरेशनच्या टेबलावर एकटे होते ते बाबा.

मी काही राजीनामा वगैरे देणार नाहीये. मला माझं काम आवडतं, रात्र रात्र जागून बग शोधायलाही आवडतं. पण सोमवारी टीममध्ये एक गोष्ट बोललो. कुणी हॉस्पिटलमधून, लग्नातून, स्मशानातून कॉलवर आलं, तर पहिलं वाक्य 'ग्रेट' हे नसेल. 'पुरे, आता जा' हे असेल. दोघे-तिघे हसले. एकीने मात्र नंतर डेस्कपाशी येऊन हळूच थँक्स म्हटलं. तिची आई आजारी आहे, हे मला तेव्हा कळलं. दीड वर्षं शेजारी बसतोय आम्ही.

परत येताना बाबा गाडीत झोपले होते. नारायणगावपाशी फोन वाजला. ऑफिसचा होता. तो मी उचलला नाही, असं लिहायला आवडलं असतं. उचलला. पण गाडी बाजूला घेऊन सांगितलं, वडील सोबत आहेत, उद्या बोलू.

आकाश काही कोसळलं नाही.