परंपरानिष्ठ राजकीय मानस (साक्री, जि. धुळे)

परंपरानिष्ठ राजकीय मानस : आहे ते राखावे, अनोळखी बदलापासून जपून राहावे, या वृत्तीचे राजकीय मतांशी असलेले नाते. मानसशास्त्रज्ञ जॉन जोस्ट व सहकाऱ्यांनी 2003 मध्ये अशा परंपरानिष्ठ मतांच्या मुळाशी अनिश्चिततेची आणि धोक्याची भीती असल्याचे मांडले. ही मांडणी अर्धीच खरी आहे. भीती माणसाला जपायला लावते; काय जपायचे आणि ते कोणाच्या हवाली करायचे, हे मात्र ती ठरवत नाही. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या 5 जणांचा जीव घेतला. इतक्या कच्च्या भीतीला डावे-उजवे काही नसते.

तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील भिल्ल-कोकणा आदिवासी कुटुंबांनी जपलेली गोष्ट म्हणजे कसत असलेली वनजमीन. 2006 च्या वनहक्क कायद्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या ताब्याचा पुरावा मागितला, तेव्हा अतिक्रमणाबद्दल वनखात्याने कधीकाळी फाडलेली दंडाची पावतीच कामी आली. अशी पावती वर्षानुवर्षे पेटीत सांभाळणारा शेतकरी वृत्तीने स्थितिप्रियच म्हणायचा. पण याच भागात वनजमिनीसाठी मोर्चे निघाले ते लाल झेंड्याखाली, शरद पाटलांनी 1978 मध्ये काढलेल्या सत्यशोधक कम्युनिस्ट पक्षाच्या परंपरेतून. साक्री ज्यात मोडतो त्या नंदुरबार लोकसभा मतदारसंघाने 1981 पासून माणिकराव गावितांना सलग 9 वेळा निवडून दिले. जुने धरून ठेवणारा हा मतदार तेव्हा काँग्रेसचा होता. 2014 मध्ये तो भाजपच्या हीना गावितांकडे वळला. 2024 च्या प्रचारात राज्यघटना आणि आरक्षण धोक्यात असल्याची धास्ती पसरली आणि काँग्रेसचे गोवाल पाडवी निवडून आले. धर्मांतरितांना आदिवासींच्या यादीतून वगळा, ही ‘डीलिस्टिंग’ची मागणीही ‘आमचे हिरावले जाईल’ याच भाषेत बोलते, फक्त बोट दुसरीकडे असते. फूट पडते ती बहुधा इथे, धोका कोण या प्रश्नावर.

यावर आक्षेप असा की मते नेत्याच्या गोतावळ्यावर आणि योजनांच्या पैशांवर पडतात, मनोवृत्तीचा काय संबंध? आक्षेपात तथ्य आहे. पण ओळखीच्या घराण्याला धरून राहणे हाही अनिश्चिततेवरचा उपायच, आणि अडल्यानडल्याला धावून येणारा माणूस ज्या पक्षात जातो त्या पक्षात मतेही जातात. म्हणून पक्षाच्या शिक्क्यावरून मतदाराचा स्वभाव ओळखणे फसवे ठरते. नंदुरबारमध्ये काँग्रेसचा खासदार निवडून आल्यावर सहा महिन्यांच्या आतच, नोव्हेंबर 2024 मध्ये, साक्री विधानसभेत शिवसेनेच्या (शिंदे) मंजुळा गावित विजयी झाल्या. 2019 मध्ये त्या अपक्ष म्हणून निवडून आल्या होत्या.