न दिसणाऱ्या रेणूंची मोजणी

जें डोळ्यांना दिसत नाहीं, तें मोजावें कसें? विसाव्या शतकाच्या आरंभीं हा प्रश्न यूरोपांतील शास्त्रज्ञांत मोठ्या वादाचा झाला होता. अणु-रेणु मानले असतां रसायनशास्त्राचे हिशेब बरोबर जुळत; परंतु विल्हेल्म ऑस्टवाल्ट यांच्यासारखे थोर रसायनशास्त्रज्ञ म्हणत कीं, ही केवळ सोयीची कल्पना होय.

पॅरिस येथील ज्याँ पेरँ यांनीं १९०८ सालीं या वादास हात घातला, तो अगदीं साध्या साधनांनीं. गॅम्बोज नांवाचा, पिवळ्या रंगासाठीं वापरला जाणारा झाडाचा चीक पाण्यांत चोळला म्हणजे त्याचे असंख्य गोल कण होतात. ते वेगानें फिरणाऱ्या यंत्रांत पुनः पुनः घालून पेरँ यांनीं सारख्या आकाराचे कण निवडले. एक किलोग्रॅम चिकांतून, कित्येक महिन्यांच्या श्रमानें, ग्रॅमचे कांहीं दशांश एवढाच माल हातीं आला!

हें पाणी त्यांनीं मिलिमीटरच्या एकदशांश खोलीची खांच असलेल्या कांचपट्टींत ठेवलें. अशी पट्टी डॉक्टर रक्तांतील पेशी मोजण्यास वापरीत. सूक्ष्मदर्शकांतून एका वेळीं एकाच पातळ थरांतील कण स्पष्ट दिसत. पण ते सारखे हलत असल्यामुळें मोजणी चुके. म्हणून बारीक छिद्र बसवून पेरँ यांनीं दृष्टिक्षेत्र इतकें लहान केलें कीं, चार-पांच कणच दिसावेत व एका दृष्टिक्षेपांत मोजतां यावेत. असे सुमारें १३,००० कण त्यांनीं मोजले.

तळापासून ५, ३५, ६५ व ९५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तितके हजारांश, अशा उंचीवर कणांचें प्रमाण १००, ४७, २३ व १२ भरलें. दर ३० मायक्रॉनला संख्या जवळजवळ निम्मी! वर जातां जातां हवाहि याच नियमानें विरळ होते. मात्र ती निम्मी होण्यास पांच-सहा किलोमीटर चढावें लागतें. कण जितक्या पटीनें जड, तितक्या पटीनें ही उंची कमी. पाण्यांतील कणाचें वजन ठाऊक होतें. त्यावरून हवेच्या रेणूचें वजन निघालें. १८ ग्रॅम पाण्यांतील रेणूंची संख्या पेरँ यांच्या हिशेबानें सुमारें सातावर तेवीस शून्यें आली. आज ती सहावर तेवीस शून्यें, याहून किंचित् अधिक मानतात.

१९०९ सालीं ऑस्टवाल्ट यांनीं आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तींत अणूंचें अस्तित्व मान्य केलें, व तेथें पेरँ यांच्या प्रयोगांचा आवर्जून उल्लेख केला. १९२६ सालीं पेरँ यांस नोबेल पारितोषिक मिळालें. रेणु त्यांनींहि पाहिला नव्हता. जें दिसत होतें, तें मात्र त्यांनीं न कंटाळतां मोजलें होतें.