शंभराच्या आतले

आमच्या धंद्यात 'मॅजिक नंबर' हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरतात. कोणीतरी कधीतरी कोडमध्ये एक आकडा ठोकून देतो. तेव्हा त्याला चांगलं कारण असतं. मग तो माणूस कंपनी सोडून जातो, आणि दहा वर्षांनी सगळे त्या आकड्याला निसर्गनियम समजून चालतात. जीवशास्त्रातही असा एक आकडा आहे: १००. त्याच्यामुळे आपल्या प्रतिकारशक्तीतली काही महत्त्वाची मंडळी बरीच वर्षं कोणाला दिसलीच नाहीत. त्याची ही गोष्ट.

आधी थोडं बेसिक. (बारावीला बायोलॉजी घेतलेल्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल :) ) डीएनएवरून आरएनएची नक्कल निघते. रायबोसोम नावाचं यंत्र ती नक्कल तीन-तीन अक्षरांनी वाचतं आणि प्रत्येक त्रिकुटामागे एक अमिनो आम्ल जोडत जातं. ती माळ म्हणजे प्रथिन. एकूण त्रिकुटं ६४, त्यातली ३ म्हणजे पूर्णविराम. सुरुवात बहुतेक वेळा 'एयूजी' ह्या त्रिकुटाने.

आता समजा, तुमच्यापुढे नुसत्या अक्षरांची एक अवाढव्य फाईल टाकली. त्यात प्रथिनाची कृती कुठे आणि भरताड कुठे, हे ओळखायचं कसं? गणित सोपं आहे. अक्षरं कशीही उधळली तरी सरासरी दर २१ त्रिकुटांमागे एक पूर्णविराम येतोच. पूर्णविराम न लागता सलग १०० त्रिकुटं निव्वळ योगायोगाने जमण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी. म्हणून नियम असा पडला की १०० किंवा जास्त असतील तर जनुक माना, नाहीतर सोडून द्या. १९९६ साली यीस्टचा संपूर्ण जीनोम वाचून झाला आणि त्यात सुमारे ६००० जनुकं मोजली गेली, ती ह्याच चाळणीने. पुढे प्राण्यांच्या आरएनएच्या याद्या करतानाही हीच चाळण हाताशी होती.

ही चाळण मूर्खपणाची नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवं. १७ त्रिकुटांचा तुकडा घेतला तर तो योगायोगाने पूर्णविरामाशिवाय निघण्याची शक्यता तब्बल ४४ टक्के आहे. असले तुकडे खरे धरले असते तर याद्या कचऱ्याने भरून गेल्या असत्या. तेव्हा १०० हा आकडा सोयीचा होता, शहाणपणाचा होता. फक्त तो माणसांनी ठरवलेला होता. पेशीला कोणी तो कळवला नव्हता!

ह्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे 'बिक' नावाचं जनुक. त्याचा इतिहास सुरू होतो कोंबड्यांपासून. कोंबड्यांना होणारा एक विषाणू त्यांच्या डीएनएमध्ये घुसतो आणि शेजारची जनुकं भलत्या वेळी चालू करून कॅन्सर घडवतो. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंगमधल्या विल्यम हेवर्ड यांच्या गटाला १९८९ साली अशा गाठींमध्ये विषाणू वारंवार एकाच ठिकाणी घुसलेला दिसला. त्या जागेला नाव मिळालं बिक. १९९७ साली त्यांनी जनुकाचा आरएनए तपासला, तर त्यात लांबलचक प्रथिनाची कृती कुठेच नाही. त्यांचा निष्कर्ष असा की हे जनुक बहुधा आरएनएच्याच रूपात काम करत असावं, प्रथिन न बनवता. त्यांनी 'बहुधा' हा शब्द पेपरच्या शीर्षकातच घातला होता.

आणि निष्कर्ष बरोबर निघाला! २००२ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथे उंदरांचे चिमुकले आरएनए शोधताना बावीसेक अक्षरांचा 'मिर-१५५' सापडला, आणि तो बिकच्याच आरएनएमधून कापून निघालेला होता. हे मायक्रो-आरएनए स्वतः प्रथिन बनवत नाहीत, दुसऱ्या जनुकांचे आवाज कमी करतात. २००७ साली दोन गटांनी हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्यांची प्रतिकारशक्ती पार लंगडी होती. साल्मोनेलाची लस टोचूनही पुढे खरा जंतू आला तेव्हा त्यांचं नीट रक्षण झालं नाही. झालं, फाईल बंद. बिक म्हणजे मिर-१५५ चं वेष्टन. आतला माल घ्या, कागद फेकून द्या.

दरम्यान त्या चाळणीवर शंका घेणारे पुरावे दुसरीकडे जमत होते. २००७ सालीच फळमाशीत एक 'प्रथिन न बनवणारा' आरएनए चक्क ११ ते ३२ अमिनो आम्लांची पिटुकली प्रथिनं बनवताना पकडला गेला, आणि ती नसतील तर माशीचे पायसुद्धा धड बनत नाहीत. २००९ साली निकोलस इंगोलिया आणि जोनाथन वाइसमन यांच्या गटाने 'रायबोसोम प्रोफाइलिंग' काढलं. कल्पना झकास आहे. पेशीतले रायबोसोम आहेत तिथेच गोठवायचे, त्यांच्याखाली झाकलेले आरएनएचे तुकडे तेवढे वाचायचे. म्हणजे कृती कुठे आहे ह्याचा अंदाज बांधण्याऐवजी यंत्र कुठे बसलंय ते थेट बघायचं. आमच्या भाषेत, कोड नुसता वाचण्याऐवजी चालू प्रोग्रामवर प्रोफायलर लावायचा.

२०११ साली ह्याच पद्धतीने उंदरांच्या पेशींत बऱ्याच 'नॉन-कोडिंग' आरएनएवर रायबोसोम बसलेले दिसले. लगेच वाद सुरू. २०१३ सालच्या एका पेपरने सांगितलं की रायबोसोम दिसला म्हणजे प्रथिन बनलंच असं नाही. गंमत म्हणजे ह्या पेपरच्या लेखकांतही इंगोलिया आणि वाइसमन होते. विज्ञान असं चालतं ते मला फार आवडतं.

मग पुरावा द्यायचा कसा? जनुकच उडवलं तर आरएनए आणि प्रथिन दोन्ही जातात. काम कोणाचं होतं ते कळत नाही. २०१८ साली येलमधल्या रिचर्ड फ्लावेल यांच्या गटाने ह्यावर सुंदर उपाय केला. जंतूंची चाहूल लागलेल्या मॅक्रोफेज पेशींत त्यांना 'एडब्ल्यू-११२०१०' ह्या 'नॉन-कोडिंग' आरएनएवर रायबोसोम काम करताना दिसले होते. प्रथिन शंभराच्या आतलं, आणि सुरुवात एयूजीनेही नाही, म्हणजे दोन्ही नियमांत नापास. त्यांनी उंदराच्या डीएनएमध्ये त्या जागी फक्त एक पूर्णविराम घुसवला. आरएनए तसाच निघत राहिला, पण प्रथिन बनेना. आणि तेवढ्याने आयएल-१२ ह्या महत्त्वाच्या संदेशाचं उत्पादन घटलं, उंदीर साल्मोनेलाला रोखण्यात कमी पडले. म्हणजे हे काम प्रथिनाचंच होतं.

आणि २०२० साली बिकची बंद फाईल परत उघडली. शांघायमधल्या संशोधकांनी दाखवलं की माणसातल्या ह्याच आरएनएमधून एक छोटं प्रथिन बनतं. लांबी? १७. हो, वरच्या गणितातला तोच ४४ टक्केवाला आकडा. त्याला त्यांनी पी-१५५ म्हटलं. आपल्या डेंड्रिटिक पेशी जंतूंचे तुकडे टी-पेशींना 'हा बघा चोर' म्हणून दाखवतात. हे तुकडे वाहून नेण्यात एचएससी-७० नावाचं प्रथिन मदत करतं. पी-१५५ त्यालाच जाऊन चिकटतं आणि हा चोर दाखवण्याचा कार्यक्रम थंडावतो. शरीर स्वतःवरच उलटतं त्या प्रकारच्या दाहाच्या दोन प्रयोगांत उंदरांना पी-१५५ टोचल्यावर दाह कमी झाला. हे सगळं उंदरांत, औषध वगैरे अजून लांबची गोष्ट. पण जरा विचार करा. मिर-१५५ बहुतेक वेळा दाहाच्या बाजूने काम करतो, आणि त्याच आरएनएमधून निघालेलं १७ मण्यांचं प्रथिन ब्रेक लावतं. एकाच कागदावर दोन हुकूम. आपण ज्याला वेष्टन म्हणून फेकत होतो, त्याच्यावरच दुसरा लिहिलेला होता.

मला ह्यातून हेवर्ड यांच्या गटाची चूक अजिबात दिसत नाही. ते 'बहुधा' म्हणाले होते. 'बहुधा' गळला तो नंतर, याद्या बनताना. डेटाबेसच्या रकान्यात 'कोडिंग' किंवा 'नॉन-कोडिंग' एवढंच बसतं, आणि एकदा 'नॉन-कोडिंग' लिहिलं की त्यात प्रथिन शोधायला कोण कशाला जाईल? आपल्या टेबलांमधलेही कितीतरी हो-नाहीचे कॉलम असेच कोणाच्या तरी 'बहुधा'वर उभे असतात.

२०२२ साली 'जेनकोड' ह्या मानवी जनुकांच्या यादीवाल्यांनी रायबोसोम दिसलेल्या अशा ७२६४ तुकड्यांची वेगळी नोंद सुरू केली. प्रथिन आहे असा दावा नाही, नाही असंही म्हणणं नाही. फक्त नोंद. त्यातले बरेचसे फुसके निघतील. पण निदान कोणीतरी 'बहुधा'साठी एक रकाना केला, हे बरं झालं.