पहिल्या नेमणुकीचा उंबरठा

पेडणे तालुक्यातील पार्से गावाहून पणजीस जावयाचे म्हणजे पूर्वी दोन नद्या ओलांडाव्या लागत. प्रथम शापोरा, मग मांडवी. दोन्ही ठिकाणी होडीची वाट पाहत काठावर बसणे आले. औषधाची बाटली आणावयास सकाळी निघालेला मनुष्य दिवस मावळता घरी परते. अशा प्रदेशातील दवाखान्यात नव्याने रुजू होणारा कंपौंडर किंवा परिचारिका ही केवळ एक नोकरदार व्यक्ती नसे. तिच्या हातून चूक झाली तर ती सुधारावयास जवळपास दुसरे कोणी नसे. शिक्षण संपल्यावर, पण पहिल्या दिवसाचे काम हाती येण्यापूर्वी, या माणसांची तयारी कोणी व कशी केली, हा आपल्या वैद्यकाच्या इतिहासातील काहीसा उपेक्षित प्रश्न आहे. डॉक्टरांची चरित्रे आपल्याकडे पुष्कळ; कंपौंडरचे चरित्र लिहावे असे किती जणांस वाटले?

परवान्याची कल्पना गोव्यास नवी नाही. १६१८ साली गोवे शहराच्या नगरसभेने असा नियम केला की, मुख्य वैद्याने किंवा मुख्य शस्त्रवैद्याने परीक्षा घेतल्याखेरीज कोणीही वैद्यकी करू नये. आणि हिंदू वैद्यांची संख्या तिसावर बांधून टाकली. विद्येच्या कसोटीच्या आडून धर्मभेदाचीही सोय त्यात पाहिली होती, हे उघड आहे. पेडणे मात्र त्या वेळी पोर्तुगीज अमलात नव्हतेच. ते त्यांच्याकडे गेले १७८८ मध्ये. पुढे १८४२ साली पणजीस वैद्यकीय विद्यालय निघाले आणि औषधनिर्मितीचे शिक्षणही त्याच छपराखाली मिळू लागले. विद्यालय इस्पितळाला जोडलेले असले म्हणजे खल, तराजू आणि रोगी यांची ओळख पुस्तकाबरोबरच होते, हा त्याचा मोठा गुण. परंतु तेथे शंका आली की शिक्षक हाकेच्या अंतरावर असतो. नव्या काबिजादीतल्या एखाद्या गावी शंका आली तर हाक मारावयाची कोणाला?

या प्रश्नाचे एक उत्तर पुण्यात सापडते. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुणे सेवासदन उभे राहिले आणि थोड्याच वर्षांत तेथील स्त्रिया परिचर्येचे शिक्षण घेण्यासाठी ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. त्यांत विधवाही होत्या. ज्या घरात सोवळ्याओवळ्याच्या रेषा पाण्याच्या तांब्यापर्यंत आखलेल्या, त्या घरातील स्त्रीने कोणत्याही जातीच्या रोग्याची जखम धुवावी, त्याचे भांडे उचलावे, रात्री घराबाहेर राहून पहारा करावा, ही गोष्ट त्या काळी केवढी धाडसाची! पाठ्यक्रमात जखमेची पट्टी बांधावयास शिकविता येते. लोकांच्या नजरा सोसावयास कसे शिकवावे? सेवासदनाने या विद्यार्थिनींसाठी वसतिगृह चालविले. माझ्या मते त्यांची खरी शाळा तीच. दिवसभर वॉर्डात जे घडले ते संध्याकाळी ताटावर बसून एकीने दुसरीला सांगावे, चुकले असेल तर जाणतीने समजवावे, रडू आले तर रडूनही घ्यावे, ही सोय एकट्या राहणाऱ्या मुलीला कोठून मिळणार?

मुंबईतील अडचण निराळी होती. के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराची भारतातील पहिली शाळा काढली. या बाई जन्माने अमेरिकन, मूळच्या एलिझाबेथ लुंडी. विवाहाने निंबकर झालेल्या. लुळ्या पडलेल्या हाताला पुन्हा घास उचलावयास, बटण लावावयास शिकविणे हे त्यांचे शास्त्र. पण ते शास्त्रच येथे इतके नवे की, ते शिकून बाहेर पडणाऱ्या मुलीला रोग्याच्या आधी रुग्णालयालाच आपले काम समजावून द्यावे लागले असणार. १९५२ मध्ये या व्यावसायिकांची अखिल भारतीय संघटना झाली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारत होता. एकटेपणावरचा तोही एक उपायच.

गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला आणि १९६३ पासून औषधनिर्मितीचे महाविद्यालय स्वतंत्र झाले. २०२१ साली केंद्राने वैद्यकसंलग्न व्यवसायांसाठी कायदा करून फिजिओथेरपिस्ट, प्रयोगशाळा-तंत्रज्ञ आदींच्या शिक्षणाचे मान आणि नोंदणी यांची व्यवस्था लावून दिली. हे व्हावयास हवेच होते.

माझ्या परिचयाचा पेडण्याकडील एक तरुण तंत्रज्ञ पहिल्याच आठवड्यात एका रुग्णालयात रात्रपाळीस एकटा होता. यंत्र महाविद्यालयातल्याहून निराळे, आणि पुढ्यात दोन कुप्या, दोहोंवर एकच नाव. आपल्याकडे एका वाड्यावर एका नावाची चार माणसे असणे नवलाचे नाही. त्याने दोन्ही कुप्या बाजूला ठेविल्या, रोग्यांकडे जाऊन नाव, वय, गाव पुन्हा विचारले आणि रक्त पुन्हा घेतले. अहवालास उशीर झाला म्हणून सकाळी वरिष्ठांनी त्याची कानउघाडणी केली.

“हे तुला कोणत्या तासाला शिकविले रे?” मी विचारले.

“तासाला नाही,” तो म्हणाला. “उमेदवारीत आमच्या वॉर्डात एक जुन्या सिस्टर होत्या. रोग्याला नाव-गाव विचारल्याशिवाय त्या कोणाला सुईला हात लावू देत नसत.”