मास्तरांची वही

गळा थकला तसे माझे कीर्तन सुटले आणि ऐकणे वाढले. संध्याकाळी नातू जवळ येऊन बसतो, मोबाइलवर काहीतरी लावतो आणि म्हणतो, “आजोबा, हे ऐका. मित्रानं पाठवलंय.” कधी कव्वाली असते, कधी कुठल्याशा परदेशी बाईचे रडवे गाणे, कधी नुसतीच बासरी. मला त्यातले निम्मे कळत नाही. पण ‘हे ऐका’ म्हणताना त्याच्या तोंडावर जे येते, ते मी पन्नास वर्षांपूर्वी दुसऱ्या एका माणसाच्या तोंडावर पाहिले आहे. त्या माणसाची आणि त्याच्या निमित्ताने तबकडीची गोष्ट आज आपल्याला सांगावी असे मनात आहे. कीर्तनकाराने फोनोवर का लिहावे, असे कोणी म्हणेल. शेवटपर्यंत वाचा, मग बोला.

1902 सालच्या नोव्हेंबर महिन्यात फ्रेड गाइसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कोलकात्यात आला आणि त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, तेही तीन मिनिटांत. आमचे तर नमनही तेवढ्यात आटपत नाही! गाणे संपता संपता बाई इंग्रजीत मोठ्याने सांगत, “माय नेम इज गौहर जान.” याचे कारण मोठे मौजेचे आहे. त्या वेळी तबकड्या तयार होत जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला कोण गात आहे ते कळावे कसे? म्हणून गाणाऱ्याने स्वतःच नाव सांगायचे. आणि ती तबकडी ज्या लाखेची, ती लाख बहुतांशी आपल्याच देशातल्या जंगलांतली. म्हणजे आपली लाख आणि आपला गळा समुद्रापार गेला, आणि काळी ताटली होऊन परत आपल्याच बाजारात विकायला आला. पुढे 1908 मध्ये कोलकात्यातच कारखाना निघाला आणि ही येरझार संपली.

कित्येक थोर गायकांना हे यंत्र रुचले नाही. विद्या चोरीला जाईल ही एक भीती, आणि पानाच्या दुकानावर आपले गाणे वाजेल ही दुसरी. अल्लादिया खाँसाहेबांची तबकडी नाही. भास्करबुवा बखले 1922 साली गेले, त्यांचीही नाही. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव ज्यांच्याजवळ शिकले, त्या बुवांचा आवाज कसा होता हे आज कोणीही सांगू शकत नाही. मला तरुणपणी वाटे, बरे केले बुवांनी. आता तसे वाटत नाही. का, ते पुढे येईल.

यंत्र महाग, तबकडीही स्वस्त नव्हे. त्यामुळे गावात एखाद्याकडे फोनो असे आणि ऐकायला अख्खी आळी जमे. चावी कोणी फिरवायची यावरून पोरांची भांडणे होत. सुई झिजली की बदलावी लागे, म्हणून ‘आता एकच’ असे म्हणत म्हणत चार वाजत. कंपन्या रेकॉर्डच्या याद्या छापत, पण यादी वाचून गाणे कळते का? कोणीतरी ऐकलेले असावे लागे आणि त्याने सांगावे लागे. केशवराव भोळे ‘एकलव्य’ हे नाव घेऊन गवयांवर लिहीत, तेव्हा कितीतरी वाचकांना कोणाला ऐकावे हे त्यातून कळे. पण केशवरावांचे लेखन शिकलेल्यांपर्यंत. खेड्यात हे काम मास्तरांसारखी माणसे करीत.

मास्तर म्हणजे सांगोल्याकडचे एक शिंपी. कपडे शिवतात म्हणून मास्तर. नामदेवरायांच्या जातीचे, याचा त्यांना अभिमान होता, पण माळकरी नव्हते. दुकानात शिलाई यंत्राशेजारी फोनो, आणि कापडाच्या तागांखाली रेकॉर्डची खोकी. मिरजेहून पंढरपूरला बार्शी लाइटची छोटी गाडी जायची, त्या गाडीने ते मिरजेला जात आणि जुन्या रेकॉर्डी पिशवीत भरून आणत. खोक्यात काही क्रम नव्हता. बालगंधर्वांच्या खाली लावणी, लावणीखाली कव्वाली, त्याखाली सनई, मग सैगल, मग एखादा इंग्रजी बँड. मी एकदा म्हटले, “मास्तर, निदान देवाची गाणी वेगळी ठेवा.” ते म्हणाले, “बुवा, सोलापूरच्या चादरीत सुती धागा वेगळा काढता येतो का?” उत्तर फारसे पटणारे नव्हते, पण मला सुचले काही नाही.

त्यांची देण्याची रीत मात्र शिकण्यासारखी होती. रेकॉर्ड ते उसनी देत, आठ दिवसांसाठी. वहीत नाव, रेकॉर्ड, तारीख, आणि परत आली की फुली. पण जे मागाल ते देत नसत. आधी विचारत, सध्या काय ऐकता? मग त्याच्या शेजारचे देत. 1971 साली मी आळंदीहून शिकून आलेला, ताजा, आणि ताठ. म्हणालो, मी अभंगाशिवाय काही ऐकत नाही. त्यांनी ‘कान्होपात्रा’ नाटकातली बालगंधर्वांची रेकॉर्ड हातात ठेवली. नाट्यगीत म्हणून नाक मुरडायची सोय नव्हती, कारण त्यात अभंगच होते. आठ दिवसांनी गेलो तर म्हणाले, याच्या चाली मास्टर कृष्णरावांच्या. आता हे खुद्द त्यांचे गाणे ऐका. पुढच्या खेपेला अब्दुल करीम खाँ.

या खाँसाहेबांपाशी थोडे थांबू या. माणूस किराण्याचा, दूर उत्तरेकडचा. येऊन राहिला मिरजेला. मराठी नाट्यपदे गायला, आणि ती रेकॉर्डवर आहेत. कर्नाटक संगीत मन लावून ऐकले, आणि त्यागराजांची तेलुगू कृतीही रेकॉर्ड केली. 1937 साली दक्षिणेत पाँडिचेरीकडे जाताना वाटेत एका रेल्वे स्टेशनावर त्यांनी देह ठेवला. त्यांना मिरजेला आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केले आणि तिथे आजही त्यांच्या स्मरणार्थ गवई येऊन गातात. मला त्यांच्या रेकॉर्डीतले शब्द कळले नाहीत. आवाज असा बारीक आणि ओढून नेणारा, की काकड्याच्या वेळी समईची ज्योत हलते तसे काहीसे वाटले. मी ती रेकॉर्ड आठ दिवसांत वीस वेळा तरी लावली असेल, शेजाऱ्याच्या फोनोवर. आमच्या गुरुमहाराजांना कळले तेव्हा ते हसून म्हणाले, “त्या डब्याला म्हणावे, माझ्यामागे धृपद म्हण.” एवढेच. रागावले नाहीत.

याच खाँसाहेबांची रेकॉर्ड गदगकडच्या एका अकरा वर्षांच्या मुलाने दुकानात ऐकली होती आणि तो गुरू शोधायला घर सोडून पळाला होता. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. हिंडून हिंडून शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे पोहोचले, जे खाँसाहेबांचेच शिष्य. सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी तर बालवयात रेकॉर्ड ऐकून मोठमोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करी. त्याचाच पुढे कुमार गंधर्व झाला. मुंबईला प्रा. देवधरांकडे तो शिकला, आणि देवधर सर सगळ्या घराण्यांच्या चिजा जमवणारे. आजारपणात देवासला पडल्या पडल्या कुमारांनी माळव्यातली बायकांची गाणी ऐकली आणि फिरत्या नाथपंथी साधूंची निर्गुणी भजनेही. कोणाच्या कानावर काय पडेल आणि त्याचे काय होईल, याचा हिशेब दुकानदाराला कुठला असायला.

आता माझी फजिती. 1970 नंतरच्या दशकातलीच गोष्ट, एका सप्ताहात माझे कीर्तन होते. बीज आणि वृक्ष असा दृष्टान्त असलेले एक पद मी तुकोबारायांचे म्हणून ठणकावून म्हटले, टाळकऱ्यांनी झेलले, लोक डोलले. कीर्तन झाल्यावर मास्तर पाया पडायला आले आणि कानाशी म्हणाले, “महाराज, सवडीनं गाथ्यात बघाल का?” चारचौघांत नाही, कानाशी. मी मनातून संतापलो. शिंप्याने मला गाथा दाखवावी? रात्री दिवा घेऊन बसलो. शासनाने 1950 साली छापलेला गाथा, साडेचार हजारांवर अभंग. तीन रात्री चाळला. पद नव्हतेच.

ते गीत शांताराम आठवले यांनी ‘संत तुकाराम’ या चित्रपटासाठी लिहिलेले. प्रभात कंपनीचा 1936 सालचा चित्रपट, दामले आणि फत्तेलाल यांनी केलेला, संगीत केशवराव भोळ्यांचे, आणि विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या भूमिकेत. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आठवल्यांनी तुकोबांची भाषा इतकी पचवली होती की माझ्यासारखे पुष्कळ फसले, चांगले जाणकारही फसले. ही कवीच्या दृष्टीने शाबासकी म्हणावी की अन्याय? मला वाटते दोन्ही. गाणे तोंडोतोंडी गेले, नाव मागे राहिले. गौहर जान स्वतःचे नाव ओरडून सांगत, ते नुसते हॅनोव्हरच्या कारागिरासाठी नव्हते, असे मला तेव्हापासून वाटू लागले.

चौथ्या दिवशी मी कीर्तनात उभा राहून चूक सांगितली. काही मंडळी नाराज झाली. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, तुकोबांचे नसले तरी आम्ही तुकोबांचेच म्हणणार. त्यांनी तसे म्हटलेही, शेवटपर्यंत.

आता जे सांगायचे ते सांगायला जड जाते. पुणे आकाशवाणीवर राम फाटकांच्या चालीतले अभंग भीमसेनजी गात, नंतर ते रेकॉर्डवर आले, ‘अभंगवाणी’चे कार्यक्रम गावोगावी झाले, पाठोपाठ कॅसेट आली. श्रीनिवास खळ्यांच्या चालीतले अभंग लताबाईंच्या आवाजात घरोघर गेले. ज्या घरात कधी वीणा आली नव्हती तिथे अभंग पोहोचला, हे मी डोळ्यांनी पाहिले आणि मला त्याचा आनंदच आहे. पण आमच्या फडावर गुरुमहाराजांची एका अभंगाची चाल होती. कुठल्या रागाची म्हणाल तर नक्की सांगता येत नाही, काफीच्या अंगाने जाणारी, दुसऱ्या चरणाला अचानक खाली बसणारी. पन्नास टाळांना सोसेल अशी संथ. श्रोते रेकॉर्डची चाल मागू लागले. मी दिली. टाळ्या पडत, बिदागी वाढे. दहा वर्षांत फडावर जुनी चाल म्हणणारा कोणी उरला नाही, आणि एके दिवशी गुरुमहाराजांच्या पुण्यतिथीला ती म्हणावी म्हणून मी उभा राहिलो, तर पहिला चरण आला आणि दुसरा येईना. मृदंगवाल्याने दोन आवर्तने सांभाळून घेतले. मग मी रेकॉर्डचीच चाल धरली. कोणाला काही कळले नाही.

त्या काळी घरोघर टेपरेकॉर्डर होते. चार रुपयांची कोरी कॅसेट घालून बटण दाबले असते तर चाल राहिली असती. भास्करबुवांना मी बरे केले म्हणालो होतो, ते येथे मागे घेतो. लोकांनी ऐकून दिलेल्या गाण्यांनी माझे कान उघडले, आणि मी मात्र माझ्याजवळचे कोणाला ‘हे ऐका’ म्हणून दिले नाही. मास्तरांनी एकदा मागितलेही होते. “बुवा, तुमच्या महाराजांची ती खाली बसणारी चाल टेपवर घेऊ का?” मी म्हणालो, बघू.

मुंबईत 1990 साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ नावाची संस्था निघाली. जुन्या तबकड्या सांभाळणारी ही मंडळी एकत्र जमतात आणि एकमेकांना रेकॉर्डी ऐकवतात, कोणाकडे काय आहे ते लिहून ठेवतात. मास्तरांना हे कळले असते तर गाडी पकडून गेले असते. पण तोवर ते गेले होते. खोकी भंगारात गेली असे ऐकले. लाखेची तबकडी हातातून पडली की कौलासारखी फुटते, त्यात कोणाला काय उरणार.

वही मात्र त्यांच्या लेकाने मला आणून दिली. शिंप्याचे अक्षर, मापे लिहावीत तसे. कोणी लावणी नेली आणि नंतर भजन, कोणी सनई नेऊन चार महिने ठेवली, एका तमाशातल्या बाईने सलग सहा वेळा हिराबाई बडोदेकर नेल्या. जवळजवळ सगळ्या नावांपुढे फुली आहे. माझ्या नावापुढच्या शेवटच्या ओळीत ‘करीम खाँ, 1 नग’ असे लिहिले आहे आणि पुढची जागा कोरी आहे. रेकॉर्ड माझ्या कपाटात, गाथ्याच्या शेजारी आहे. आठ दिवसांसाठी आणली होती. काल नातवाला दाखवली. तो म्हणाला, आजोबा, हे वाजवायचं कशावर? मी म्हटले, ते राहू दे. आधी तुझा मोबाइल चालू कर, मला त्या चालीचा पहिला चरण आठवतोय.