माहितीची मधुकरी

महाराष्ट्रांतील गरीब विद्यार्थी एके काळीं मधुकरी मागून विद्या शिकत. ठरल्या घरीं जावें, मिळेल तें घ्यावें आणि कोणत्याहि एका चुलीवर भार पडूं देऊं नये, अशी त्या चालीची मर्यादा असे. संगणकाच्या जागतिक जाळ्यांतून माहिती गोळा करण्याची विद्या अगदीं अलीकडची. पण तिलाहि हीच मर्यादा अनुभवानें शिकावी लागली.

ही विद्या सामान्यांच्या हातीं कशी आली, हें प्रथम पाहिलें पाहिजे. १९६० च्या सुमारास संगणक ही तज्ज्ञांची मिरास होती. छिद्रें पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा यंत्रचालकाच्या स्वाधीन करावा, तासन्‌तास वाट पाहावी आणि अखेर एक चिन्ह चुकल्याचें कळावें, असा क्रम असे. अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक जॉन केमेनी व टॉमस कुर्ट्झ यांना हें रुचेना. विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यासहि संगणक वापरतां आला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १ मे १९६४ रोजीं पहाटे चारच्या सुमारास त्यांच्या ‘बेसिक’ भाषेंतील पहिल्या आज्ञावली चालल्या. ‘छाप’, ‘जर’, ‘तर’ अशा अर्थाचे नित्याचे इंग्रजी शब्द हीच तिची मुळाक्षरें. एकाच यंत्रावर अनेकांनीं एका वेळीं काम करावें, अशीहि योजना होती. त्यामुळें चूक लवकर कळे. आणि नवशिक्याचा खरा गुरु ती चूकच होय.

सोपेपणाचा हाच ध्यास पुढें ॲमस्टरडॅम येथें दिसतो. नवशिक्यांसाठीं रचलेल्या ‘एबीसी’ भाषेचा अनुभव गांठीं असलेले गिडो व्हान रॉसम यांनीं १९८९ च्या डिसेंबरांत ‘पायथन’ भाषेस आरंभ केला व १९९१ सालीं ती प्रसिद्ध केली. त्याच काळांत जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेंत टिम बर्नर्स-ली यांनीं जागतिक जाळें विणलें. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें तें सर्वांस विनामूल्य खुलें केलें.

त्या वर्षींच्या जूनमध्यें एम. आय. टी. चा विद्यार्थी मॅथ्यू ग्रे यानें हें जाळें केवढें आहे तें मोजण्याकरितां एक भटकी आज्ञावली लिहिली. एक पान मागावें, त्यांतील दुवे टिपावे, प्रत्येक दुव्यावरून पुढचें पान गांठावें, एवढेंच तिचें काम. तिला प्रथम सुमारें १३० स्थळें आढळलीं. वर्षअखेर ती संख्या ६०० च्या वर गेली. परंतु तींच पानें ती दिवसांतून पुनःपुन्हा मागूं लागली, आणि त्या काळच्या दुबळ्या यंत्रांवर ताण पडल्याच्या तक्रारी उठल्या.

यावर १९९४ सालीं मार्टिन कोस्टर यांनीं तोड सुचविली. प्रत्येक स्थळाच्या मालकानें ‘रोबोट्स’ नांवाची एक छोटी सूचना दारावर ठेवावी. कोठें यावें व कोठें येऊं नये, हें तींत लिहावें. ही सूचना म्हणजे कुलूप नव्हे, केवळ विनंती. तरीहि २०२२ सालीं तिला रीतसर मानकाचें रूप मिळेपर्यंत २८ वर्षें ती मुख्यतः सौजन्यावरच चालली.

आज पायथन शिकणारा नवशिका पंधरा-वीस ओळींत माहितीचा संग्राहक उभा करूं शकतो. पण आवर्तनाची आज्ञा लिहितांना मध्यें विसाव्याची एक ओळ घालण्यास तो विसरला, तर त्याचें यंत्र परक्या दारीं क्षणांत शेंकडों वेळां हांक मारील. ती एक ओळ लिहिणें कठीण नाहीं. दार दुसऱ्याचें आहे, याचें भान ठेवणें हाच या विद्येचा पहिला धडा आहे.